रोटरी इंजिनाची ऑइल सिस्टिम : प्रेशरच्या आधी उष्णतेचा हिशोब करा

रोटरी इंजिनाच्या (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या वांकेल इंजिनाच्या) ऑइलबद्दल कुणाशीही बोलायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, प्रेशर किती ठेवणार? सत्तर पीएसआय का शंभर? रेग्युलेटरची स्प्रिंग बदलली का? मला हा प्रश्न नेहमी उलट्या टोकाने विचारल्यासारखा वाटतो, कारण प्रेशर ही सगळ्यात शेवटी ठरायची गोष्ट आहे. आधी ठरतं ते रोटरमधून किती उष्णता बाहेर काढायची, त्यावरून किती लिटर ऑइल फिरवायचं, त्यावरून पंप, पाइप, कूलर, टाकी, आणि मग हे सगळं बसवल्यावर गॅलरीत, म्हणजे इंजिनातल्या ऑइलच्या मुख्य वाटेत, जे काही प्रेशर पाहिजे ते. सध्या मी एका माझदा १३बी इंजिनासाठी ऑइल सिस्टिम डिझाइन करतोय, दोन रोटर, टर्बो नाही, ६००० आरपीएमच्या आसपास १०० किलोवॅट सतत द्यायचे, दोन मिनिटांसाठी नाही तर तासन्‌तास. सतत लोड म्हटलं की ऑइलची परीक्षा वेगळीच होते, म्हणून इथे सगळं सविस्तर मांडतोय, जे कोणी असं काही करत असतील त्यांना आकडे तपासून बघता येतील.

ज्यांनी रोटरी उघडलेलं बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवरचं एनएसयू या जर्मन कंपनीचं इंजिन १९५७ मध्ये पहिल्यांदा चाललं, आज आपण ज्याला वांकेल म्हणतो ती साधी रचना त्याच कंपनीत त्यानंतर लगेच आली, आणि १९६७ मध्ये एनएसयू आरओ ८० आणि माझदा कॉस्मो स्पोर्ट या दोन रोटरच्या गाड्या बाजारात आल्या. तीन कोपऱ्यांचा रोटर एका एक्सेंट्रिक शाफ्टवर बसलेला असतो, शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक. प्रत्येक कोपऱ्यावर एपेक्स सील (भोवतालच्या कवचाला, म्हणजे हाउसिंगला घासत जाणारी पट्टी), बाजूंना साइड सील आणि त्यांच्या आत ऑइल सीलच्या गोल रिंगा.

आता इथेच पिस्टन इंजिनापेक्षा मूळ फरक पडतो. पिस्टन इंजिनात क्रँककेसमधलं ऑइल खालून सिलिंडरच्या भिंतीवर उडतच असतं, रिंगांना ते आयतं मिळतं, जास्तीचं खरवडून खाली. रोटरीत बेअरिंगचं ऑइल रोटरच्या आत असतं आणि ऑइल सीलचं कामच ते जिथे पेट्रोल जळतं त्या चेंबरपर्यंत पोचू न देणं हे आहे. म्हणजे ऑइल सील जितकी चांगली तितकी एपेक्स सील कोरडी! त्यामुळे तिथे वेगळं, मोजून ऑइल द्यावंच लागतं आणि ते जळून जातं, परत येत नाही. दुसरं असं की हाउसिंगच्या भोवती पाणी फिरतं पण रोटरपर्यंत पाणी कधीच पोचत नाही. रोटरची प्रत्येक बाजू त्याच्या दर फेऱ्याला एकदा जळता गॅस बघते, आणि माझदासारख्या रचनेत ती उष्णता बाहेर न्यायला ऑइलशिवाय जवळजवळ कोणीच नाही, सीलमधून आणि आत येणाऱ्या थंड चार्जमधून (हवा-पेट्रोलच्या मिश्रणातून) जाते तेवढीच.

म्हणजे एकाच द्रवाला तीन कामं. बेअरिंगमध्ये फिल्म धरायची, रोटर थंड ठेवायचा, आणि सीलखाली जळून जायचं. पहिल्या दोन कामांना स्थिर, जाड फिल्म देणारं, उष्णतेत टिकणारं ऑइल लागतं, ज्यात झीज थांबवणारे धातूयुक्त अ‍ॅडिटिव्ह असतात. तिसऱ्या कामाला बरोबर उलट, जळल्यावर राख मागे न ठेवणारं ऑइल पाहिजे. एका डब्यातल्या ऑइलकडून तिन्ही करून घ्यायची हा गाडी बनवणाऱ्यांचा नाइलाज होता, कारण गिऱ्हाइकाला दुसरी टाकी भरायला सांगणं अवघड. आपल्याला तो नाइलाज नाही. माझ्या डिझाइनमध्ये म्हणून दोन पूर्ण वेगळ्या सिस्टिम आहेत, एक फिरणारी आणि एक जळणारी, आणि एकाचं ऑइल दुसऱ्यात जात नाही.

फिरणारं ऑइल

हिशोब असा. शाफ्टवर १०० किलोवॅट पाहिजेत, कार्यक्षमता २५ टक्के धरली तर इंधनातून ४०० किलोवॅट आत येतात. त्यातला मोठा भाग एक्झॉस्टमधून जातो, रोटरीचा एक्झॉस्ट तसाही फार गरम. पाणी आणि ऑइल मिळून १०० ते ११० किलोवॅट न्यावे लागतील असं मी धरलंय, आणि त्यातला साधारण एक तृतीयांश ऑइलकडे, हे प्रमाण रोटरीवाल्यांमध्ये सर्रास वापरलं जातं. म्हणजे ऑइलच्या वाट्याला ३५ किलोवॅट. पिस्टन इंजिनावरून आलेल्या माणसाला हा आकडा चुकीचा वाटतो, तिथे ऑइल कूलर बऱ्याचदा असला तर असला अशी गोष्ट असते. इथे ऑइल कूलर हा दुसरा रेडिएटरच आहे, आणि त्याला तितकीच जागा आणि तितकीच हवा द्यावी लागते.

गरम ऑइलची उष्णताधारकता किलोला दर अंशामागे साधारण २.१ किलोज्यूल, आणि इंजिनात आत जाताना आणि बाहेर येताना ३० अंशांचा फरक चालेल असं ठरवलं तर सेकंदाला ०.५६ किलो, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ४१ लिटर. फरक २५ अंशांवर ठेवायचा म्हटलं तर ४९ लिटर. मी ४५ धरून पुढे चाललोय. आत जाणारं ऑइल ९० अंशांच्या आसपास, बाहेर येणारं ११५ ते १२०. याच्या वर का जायचं नाही, तर ऑइल पातळ होतं हे एक, पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑइल सीलच्या आतल्या रबरी ओ-रिंगा. त्या एकदा उष्णतेने कडक झाल्या की सील दाबून धरत नाहीत, ऑइल चेंबरमध्ये यायला लागतं, निळा धूर सुरू होतो आणि मग इंजिन पूर्ण उघडण्याशिवाय इलाज नसतो. बेअरिंग अजून ठणठणीत असतं आणि इंजिन मात्र उघडावं लागतं.

आता हे ऑइल रोटरच्या आत पोचतं कसं. एक्सेंट्रिक शाफ्ट आतून पोकळ, त्यात मेन बेअरिंगकडून ऑइल शिरतं, तिथून रोटर बेअरिंगला आणि शाफ्टवरच्या जेटमधून रोटरच्या पोटात फवारलं जातं. रोटरचं केंद्र शाफ्टभोवती फिरत असल्याने आतलं ऑइल सतत पुढेमागे आपटत राहतं, त्या घुसळण्यानेच उष्णता उचलली जाते, नुसतं ओतून भागत नाही. आणि ही घुसळण फुकट मिळत नाही, गरजेपेक्षा जास्त ऑइल आत गेलं तर ते घुसळण्यात पॉवर जाते आणि वर ऑइल सीलवर भार.

इथे एक गोष्ट आहे जी गप्पांमध्ये जवळजवळ कधीच येत नाही. मेन जर्नलच्या (शाफ्टचा मेन बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) बाहेरच्या पृष्ठभागावरून शाफ्टच्या मध्यभागी ऑइल न्यायचं म्हणजे ते फिरत्या शाफ्टच्या केंद्रोत्सारी बलाच्या विरुद्ध ढकलायचं. १३बीचं मेन जर्नल ४३ मिमी व्यासाचं, म्हणजे त्रिज्या २१.५ मिमी. ६००० आरपीएमला यासाठी ०.७६ बार (एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) खर्च होतो, ८००० ला १.३५ बार, ९००० ला १.७ बार. वेगाच्या वर्गाने वाढतो. हे प्रेशर तुमच्या गेजवर दिसतं पण शाफ्टच्या मध्यभागी ते नसतं! म्हणून रेसिंगवाले प्रेशर वाढवतात त्याला खरा आधार आहे, ते ९००० च्या वर चालवतात, पण मला ६००० ला शंभर पीएसआयची गरज नाही आणि उगाच वाढवलेलं प्रेशर म्हणजे पंपाने ऑइलच तापवणं. माझं लक्ष्य गॅलरीत ५ बार, कूलर आणि फिल्टरच्या नंतर, इंजिनात शिरण्याच्या अगदी जवळ मोजलेले. पंपाच्या तोंडाशी मोजलेलं प्रेशर फक्त पंपाबद्दल सांगतं.

जेटमधला छोटा बॉल आणि स्प्रिंग काढून टाकावी का हा जुना वाद आहे. तो बॉल कमी प्रेशरला जेट बंद ठेवतो, म्हणजे थंड इंजिन लवकर गरम होतं आणि आयडलला बेअरिंगचं प्रेशर टिकतं. काढून कायम उघडा जेट लावला तर रोटर कूलिंग पक्कं, अडकायला काही नाही. पण हिशोब बघा, ९०० आरपीएमला पंप ६००० च्या मानाने १५ टक्केच ऑइल देतो, आणि उघड्या भोकावरचं प्रेशर प्रवाहाच्या वर्गाने बदलतं, म्हणजे वाटेत फक्त जेटच असते तर ५ बारचे जेमतेम ०.११ बार उरले असते. प्रत्यक्षात जास्त प्रवाहावर रिलीफ व्हॉल्व्ह काही वाटा परत वळवतो, बेअरिंगची गळती वेगळ्या नियमाने चालते, त्यामुळे इतकं वाईट होत नाही, पण दिशा तीच. माझं इंजिन आयडलला फार वेळ राहणार नसलं तरी मी बॉल ठेवणार आहे, स्वच्छ करून आणि प्रत्येकाचं उघडण्याचं प्रेशर बाहेर तपासून. दोन रोटरचे बॉल वेगवेगळ्या प्रेशरला उघडत असतील तर एक रोटर दुसऱ्यापेक्षा गरम चालतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. जेटचा व्यास बदलणाऱ्यांनीही सांभाळून, व्यास १० टक्के वाढवला की प्रवाह २१ टक्के वाढतो.

मग रोटरमधून बाहेर पडणारं ऑइल. हे ऑइल नसतंच खरं तर, फेस असतो. हवा, सीलमधून निसटलेला गॅस आणि गरम ऑइल यांची घुसळण. तो फेस तसाच पंपात गेला तर गेजवर प्रेशर दिसेल पण बेअरिंगमध्ये फिल्म अर्धवट आणि उष्णता नेण्याची ताकद कमी, म्हणजे वरचा सगळा हिशोब पाण्यात. मूळचा संप (इंजिनाखालची ऑइल साठवणारी परात) उथळ आहे, त्यात ५ लिटर ऑइल धरलं तर मिनिटाला ४५ लिटरला ते सात सेकंदांत एकदा फिरून येतं. सात सेकंदांत बुडबुडे वर येत नाहीत. म्हणून ड्राय संप, म्हणजे ऑइल इंजिनाखाली न साठवता बाहेरच्या टाकीत ठेवायचं. उंच, अरुंद टाकी, आत १० लिटर ऑइल, ऑइल वरून भिंतीला स्पर्शिकेत सोडायचं म्हणजे ते भिंतीवर गोल फिरत खाली येतं आणि हवा मध्ये वेगळी होते. साधारण तेरा सेकंद मिळतात आणि फिरण्याची मदत. संपातून ओढून घेणाऱ्या स्कॅव्हेंज पंपाची क्षमता प्रेशर पंपाच्या निदान दीडपट, मी दुप्पट घेतोय, कारण तो फेस ओढणार आहे, ऑइल नाही, आणि संपात ऑइल साचलं की हाउसिंगमधून खाली येणाऱ्या ऑइलची वाट अडते, ते रोटरभोवती तुंबतं आणि ऑइल सीलवर येतं. ऑइल आत घालण्याचा विचार सगळे करतात, बाहेर काढण्याचा विचार फार कमी लोक करतात आणि मला तरी धुराची निम्मी भांडणं इथेच सुटतील असं वाटतं.

पाइपबद्दल जास्त लिहीत नाही, प्रेशरच्या बाजूला १४ मिमी आतल्या व्यासाची होज, त्यात वेग साधारण ५ मीटर सेकंदाला येतो, चालतो. पण टाकीपासून पंपापर्यंतची सक्शन लाइन मात्र २५ ते २८ मिमी, आखूड, कमीत कमी वळणं, टाकी पंपापेक्षा वर. थंड ऑइल अरुंद सक्शनमधून येत नाही आणि पंप पोकळी ओढायला लागतो. कूलरला थर्मोस्टॅटचा बायपास हवाच, नाहीतर थंडीत कूलरमधलं घट्ट ऑइल जागचं हलत नाही.

जळणारं ऑइल

आता दुसरी सिस्टिम, आणि आकड्यांचं प्रमाण बघा. ४०० किलोवॅटचं पेट्रोल म्हणजे तासाला साधारण ४५ लिटर. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळणारे लोक १:१०० ते १:२०० प्रमाण वापरतात, मधलं १:१५० धरलं तर तासाला ३०० मिली, मिनिटाला ५ मिली. तिकडे मिनिटाला ४५ लिटर आणि इकडे चमचाभर. ६००० आरपीएमला दोन रोटर मिळून सेकंदाला २०० चेंबर पेटतात, प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या मायक्रोलिटरहून कमी. एवढंसं ऑइल एपेक्स सील आणि शून्य ऑइल यांच्यामध्ये उभं असतं. सुरुवातीच्या काळात हाउसिंगवर आडव्या लहरींसारख्या खुणा पडायच्या, माझदाच्या इंजिनिअरांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हटलं होतं. ते मुख्यतः सीलच्या थरथरण्यामुळे, फक्त ऑइलमुळे नाही, पण सील आणि हाउसिंगचं नातं किती नाजूक आहे ते त्यावरून कळतं. २०२३ मध्ये एमएक्स-३० गाडीत आलेल्या ८सी इंजिनातसुद्धा त्यांनी सीलची जाडी २ मिमीवरून २.५ मिमी केली, म्हणजे इतक्या वर्षांनंतरही काम चालूच आहे.

माझदाची पद्धत म्हणजे इंजिनावर बसवलेला मीटरिंग पंप, आधी थ्रॉटलला दांडीने जोडलेला, नंतर ईसीयूच्या (इंजिनाच्या कंप्युटरच्या) ताब्यात, संपातलंच ऑइल घेऊन नोझलमधून हाउसिंगमध्ये सोडायचा. जागा अगदी बरोबर निवडलेली, सीलच्या वाटेवरच, पुढचं सील ते पसरवतं. २००९ च्या आरएक्स-८ मध्ये प्रत्येक हाउसिंगला दोनऐवजी तीन नोझल झाले, मधला वाढवला, कारण कडेला पडलेलं ऑइल मध्यापर्यंत पुरेसं जात नाही. मला या पद्धतीत खटकतं ते फक्त ऑइल. संपातलं ऑइल पेट्रोलने पातळ झालेलं असतं, रोटरीत हे होतंच, वर काजळी, वर राख करणारे अ‍ॅडिटिव्ह, आणि तेच आपण सीलखाली घालतो.

दुसरी पद्धत प्रीमिक्स, पेट्रोलमध्येच ऑइल. साधी, बिघडायला काही नाही, पेट्रोल जातंय तोवर ऑइल जातंय. आणि तिचा दोषही तोच आहे. थ्रॉटल सोडल्यावर ईसीयू इंधन बंद करतो, शाफ्ट अजून ५००० ने फिरतोय, सील घासतायत आणि ऑइल शून्य. लांब उतारावर किंवा ट्रॅकवर हे वारंवार होतं. इंधन बंद करणं ईसीयूमधून काढून टाकता येतं, पण मग इंधन वाया.

मी तिसरा मार्ग घेतलाय, वेगळी टाकी, त्यात राखविरहित टू-स्ट्रोक ऑइल, आणि मूळ नोझलच्याच जागी ते सोडायचं. पंप छोटा सोलेनॉइड पिस्टनचा, प्रत्येक ठोक्याला ठरलेलं आकारमान, म्हणजे थंडीत ऑइल घट्ट झालं तरी प्रमाण बदलत नाही. गुरुत्वाने किंवा भोकाने मोजणारी कुठलीही पद्धत इथे नको, तापमान बदललं की सगळा हिशोब बदलतो. ठोक्यांचा वेग ईसीयू आरपीएम आणि लोडवरून ठरवणार, आणि इंधन बंद असतानाही आरपीएमनुसार थोडा चालूच राहणार. प्रत्येक नोझलला स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र पंप, एका पंपातून चार फाटे काढले तर ऑइल सोपी वाट धरतं आणि ज्या नोझलमध्ये कचरा आहे तो उपाशी राहतो.

नोझलपाशी चेक व्हॉल्व्ह हवा, आणि तिथली हवेची नळी काढून टाकू नका. आयडलला त्या चेंबरमध्ये व्हॅक्युम असतो, तो लाइनमधलं ऑइल ओढून घेतो, लाइन रिकामी होते आणि मग थ्रॉटल उघडल्यावर पहिले काही सेकंद नोझलमधून हवाच येते. मूळ नोझलची हवेची नळी हा व्हॅक्युम तोडण्यासाठीच आहे. टर्बोवाल्यांना उलटा त्रास, बूस्ट (टर्बोचं हवेचं प्रेशर) ऑइलला मागे ढकलतो.

वेगळ्या टाकीचा धोका मान्य आहे, ती रिकामी होऊ शकते, आणि इंजिन त्या वेळी कुठलाही आवाज करत नाही, पॉवर कमी होत नाही, सील घासले गेल्यावरच कळतं. म्हणून टाकीत लेव्हल सेन्सर दोन पातळ्यांना, वरच्याला दिवा, खालच्याला ईसीयू लोड कमी करणार. दिवा लागला आणि चालकाने बघितला असेल यावर मी इंजिन सोडणार नाही. शिवाय प्रत्येक पंपाच्या करंटवर लक्ष, पिस्टन अडकला की करंटचा आकार बदलतो.

वेगळं जळणारं ऑइल ही काही नवीन गोष्ट नाही. सुझुकीच्या आरई५ मोटारसायकलला, १९७४ ची, सीलसाठी वेगळी ऑइल टाकी होती. नॉर्टनच्या मोटारसायकली आणि ड्रोनची छोटी वांकेल इंजिनं तर त्याहून पुढे गेली, रोटर ऑइलने थंड करायचाच नाही, आत येणारी हवा रोटरमधून न्यायची, रोलर बेअरिंग वापरायची ज्यांना ऑइल अगदी थोडं पुरतं, आणि सगळंच ऑइल जळून जाणारं. संप नाही, कूलर नाही, ऑइल सील नाही. वजनाच्या दृष्टीने फार सुंदर डिझाइन आहे ते. किंमत अशी की रोटरने तापवलेली हवा विरळ होते आणि पॉवर घटते. छोट्या इंजिनाला परवडतं, १०० किलोवॅटला मला नको. (पहिल्या महायुद्धातल्या विमानांचं नोम इंजिनही रोटरीच म्हणवायचं, पण त्यात आख्खं इंजिनच फिरायचं. तिथे एरंडेल वापरायचे कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, आणि तेही सगळं बाहेर फेकलं जायचं. वेगळं यंत्र, पण वाहून जाणाऱ्या ऑइलचा प्रश्न तोच.)

इंजिन सुरू करण्याआधी जे तपासणार आहे ते असं. फिरणारी सिस्टिम आधी बाहेरच्या इलेक्ट्रिक पंपाने भरायची, गरम केलेलं ऑइल घालून, आणि गॅलरी, कूलरच्या आधी, नंतर, फिल्टरनंतर अशा चार ठिकाणी प्रेशर. स्पार्क प्लग काढून स्टार्टरवर फिरवून प्रेशर येईपर्यंत इग्निशन नाही. जळणारी सिस्टिम इंजिनापासून सोडवून प्रत्येक नोझल वेगळ्या मेजरिंग सिलिंडरमध्ये, १० मिनिटं, दोन तापमानांना, आणि चारही नोझलमध्ये ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पंप बदलायचा. त्या लाइन पारदर्शक ठेवल्यात म्हणजे चालू इंजिनात बुडबुडा सरकताना डोळ्यांना दिसतो. १:१५० हे प्रमाण मी सुरुवात म्हणून घेतलंय, पहिल्या काही तासांनंतर एक्झॉस्ट पोर्टमधून आणि प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून सीलचा रंग आणि हाउसिंगवरची फिल्म बघून मग कमी-जास्त करणार, सुरुवात जास्त ऑइलवर आणि तिथून खाली.

एक गोष्ट अजून ठरलेली नाही, इंधन बंद असताना नेमकं किती ऑइल द्यायचं. सध्या पूर्ण लोडच्या १५ टक्के असा आकडा टाकलाय, पण त्या वेळी चेंबरमध्ये ज्वाला नसते, ऑइल जळत नाही, एक्झॉस्टमध्ये साचतं आणि पुन्हा थ्रॉटल दिल्यावर धूर. ज्यांनी वेगळी टाकी आणि इलेक्ट्रॉनिक मीटरिंग दोन्ही चालवलंय त्यांनी आपला आकडा आणि आरपीएम दोन्ही सांगा, नुसता आकडा उपयोगाचा नाही.